कसाव्याची भाकरी

आषाढी एकादशीला आमच्या चर्चशेजारच्या एका घरातून दर वर्षी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा येतो. आम्ही या धर्मग्रामात रुजू होण्यापूर्वीपासून हा रिवाज चालत आला आहे, आणि तो मोडावा असे त्या घरातील आजींस वा आम्हांस कधी वाटले नाही. एका वर्षी तो डबा उघडून बसलो असता आमच्यातील इतिहासाचा जुना विद्यार्थी जागा झाला व आम्ही खिचडीतील जिन्नस मोजू लागलो. साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी. या चारही वस्तूंची जन्मभूमी अटलांटिक महासागराच्या पलीकडची. १४९२ पूर्वी यांतील एकही वस्तू भारतवर्षात कोणी पाहिली नव्हती. ज्ञानदेव-नामदेवांनी एकादशी पाळली ती ही खिचडी न खाता. तूप आणि जिरे तेवढे जुने!

बटाटा हा शब्दसुद्धा आपला नव्हे. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर राहणारे तायनो लोक रताळ्यास 'बटाटा' म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, पुढे युरोपात तो एका कंदावरून दुसऱ्या कंदावर गेला आणि पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या किनाऱ्यास लागला. तंबाखू, पपई हे शब्दही त्याच समुद्राकडून आलेले. ज्या लोकांची भाषा आज जगात कोणाचीही मातृभाषा राहिलेली नाही, तिचा एक शब्द आपल्या घराघरांत रोज उच्चारला जातो. त्या लोकांची आणि त्यांच्या भाकरीची हकीकत आम्हांस येथे सांगावयाची आहे. ती सांगताना आपल्या ख्रिस्तसभेचाही थोडा हिशेब करावा लागेल. त्यास आमचा इलाज नाही.

साबुदाणा पूर्वी मलाया-इंडोनेशियाकडील सागू नावाच्या माडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून होत असे. दुसऱ्या महायुद्धात तिकडील आयात बंद पडली आणि तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तो कसाव्याच्या कंदापासून तयार करण्याचा धंदा उभा राहिला. आज आपल्याकडे विकला जाणारा साबुदाणा तो हाच. कसावा म्हणजे केरळी बांधवांचा 'कप्पा'. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्याचा नैर्ऋत्य भाग, म्हणजे आजच्या ब्राझील-बोलिव्हियाच्या सरहद्दीचा प्रदेश, हे त्याचे माहेर. बोलिव्हियाच्या सखल पूरमैदानांत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस कसावा लावीत होता, असे दाखविणारे अवशेष २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढे आले. याचा अर्थ असा की, जेव्हा पश्चिम आशियात युफ्रेटिस-तैग्रीसच्या आसपास माणूस गहू पेरावयास शिकत होता, साधारण त्याच युगात पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, त्याची काहीही वार्ता नसताना, दुसरा माणूस कंद लावावयास शिकत होता. शाळेत आम्हांस शेतीचा शोध एका ठिकाणी लागला व तो जगभर पसरला असे शिकविले गेले होते. ते खरे नव्हते. शेती अनेक ठिकाणी, अनेकांनी, स्वतंत्रपणे शोधली.

कसाव्याची एक गंमत आहे, गंमत कसली, घातच म्हणावयाचा. त्याच्या कडू जातीच्या कंदात विष असते. कच्चा कंद किसला की त्यातून सायनाइड सुटू लागते, आणि नुसता भाजून वा शिजवून खाल्ला तरी माणूस दगावू शकतो. असे असूनही ॲमेझॉन व कॅरिबियनमधील शेतकऱ्यांनी कडू जात टाकली नाही; उलट पुष्कळ ठिकाणी तीच पसंत केली. किडे आणि रानडुकरे तिच्या वाटेस जात नाहीत, शिवाय तिच्यात पिठाचा अंश भरपूर. विष काढण्याची रीत स्त्रियांनी शोधून काढली. बारीक दगडी कपच्या बसविलेल्या फळीवर कंद किसावयाचा. तो ओला कीस वेताच्या विणलेल्या लांबट नळीत भरून ती उंच टांगावयाची आणि खालून ताणावयाची. नळी लांबते, आवळते आणि विषारी रस निथळून जातो. राहिलेला चोथा वाळवून, चाळून, मातीच्या रुंद तव्यावर थापावयाचा. त्याची पातळ, कडक, वाटोळी भाकरी होते. तिचे नाव 'कासाबे'. निथळलेला रसही फुकट जात नसे. तो दीर्घकाळ उकळला की विष उडून जाते व कालवणास उपयोगी पडतो. आपल्या डोंगराळ भागातील आदिवासी भगिनी पावसाळ्यात रानातील कडू कंद चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगे करतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस या विद्येची योग्यता सांगावयास नको. किती जणांनी जीव गमाविल्यावर ती हाती आली असेल, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

ही भाकरी कित्येक महिने टिकते. दमट हवेत, उंदीर-टोळांच्या देशात, जेथे धान्याचे कोठार सांभाळणे कठीण, तेथे महिनोन्‌महिने न बिघडणारी भाकरी म्हणजे केवढे धन! शिवाय कसाव्याचे बी पेरावे लागत नाही. उसासारखी त्याची कांडी लावली की पुरे. होडीत काड्यांची एक मोळी टाकली म्हणजे अख्खे शेतच सोबत घेतल्यासारखे होते.

त्याप्रमाणेच ते घडले. ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील शेतकरी येशूजन्मापूर्वी सुमारे पाचशे वर्षे आपल्या लाकडी होड्यांतून समुद्रात उतरले आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर असे करीत पोर्तो रिको बेटापर्यंत येऊन पोहोचले. पुढील शतकांत त्यांचे वंशज हिस्पानिओला, म्हणजे आज जेथे हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक ही दोन राष्ट्रे आहेत त्या बेटावर, तसेच जमैका व क्युबा येथे पसरले. मात्र ही बेटे रिकामी नव्हती. क्युबा आणि हिस्पानिओला येथे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीपासून मासेमारी व कंदमुळांवर जगणारे लोक होतेच. २०२० मध्ये प्राचीन हाडांतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यावरून असे दिसते की नव्या शेतकऱ्यांचा जुन्या लोकांशी रक्तसंबंध फारच थोडा झाला. पश्चिम क्युबाच्या टोकास जुने लोक पुष्कळ काळ टिकले. इतरत्र ते नाहीसे झाले. कसे नाहीसे झाले हे हाडे सांगत नाहीत. तायनोंच्या कथेत ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. आलेल्यांच्या आधी कोणी तरी असतेच, आणि त्या कोणाचे तरी नाव आपणांस ठाऊक नसते.

तायनोंचे शेत म्हणजे 'कोनुको'. मातीचे गुडघाभर उंचीचे वाटोळे ढीग रचावयाचे, त्यांत कसाव्याच्या काड्या खोचावयाच्या, सोबत रताळी, भुईमूग, मिरची, मका. नांगर नव्हता, बैल नव्हता. होती ती आगीवर टणक केलेली टोकदार काठी. ढिगात माती भुसभुशीत राहते, पावसाचे पाणी साचत नाही, धूप होत नाही, आणि कंद वर्ष दोन वर्षे जमिनीतच ठेवून लागेल तेव्हा काढता येतो. शेतीशास्त्राच्या आजच्या जाणकारांनाही या पद्धतीत नाव ठेवावयास फारशी जागा सापडत नाही. त्यांच्या श्रेष्ठ देवाचे नाव 'युकाहू', आणि 'युका' म्हणजे कसावाच. त्याच्या तीन टोकांच्या दगडी मूर्ती ते शेतात पुरीत, जेणेकरून पीक वाढावे.

१२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस बहामा बेटांतील एका बेटास लागला, आणि डिसेंबरच्या आरंभी हिस्पानिओलास. नाताळच्या रात्री त्याचे 'सान्ता मारिया' हे जहाज खडकावर फुटले. तेथील ग्वाकानागारी नावाच्या सरदाराने आपली माणसे व होड्या पाठवून जहाजावरील सामान सुखरूप उतरवून दिले. कोलंबसाने त्या लाकडांतून एक लहानसा किल्ला उभारला, नाताळावरून त्याचे नाव 'ला नाविदाद' ठेवले, ३९ माणसे मागे ठेविली आणि तो परत गेला. पुढील वर्षी येऊन पाहतो तो किल्ला जळालेला आणि माणसे मेलेली. सोने व स्त्रिया यांसाठी त्यांनी आसपासच्या गावांत जे केले, त्याचे ते फळ होते.

या दुसऱ्या सफरीत १७ जहाजे व बाराशेहून अधिक माणसे होती. घोडे, गुरे, डुकरे, ऊस, द्राक्षाच्या वेली आणि गव्हाचे बियाणे सोबत होते. ६ जानेवारी १४९४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, फादर बोइल यांनी इसाबेला या नव्या वसाहतीत पवित्र मिस्सा अर्पण केला. नव्या जगातील ख्रिस्तसभेच्या उपासनेचा आरंभ येथून मानतात. गहू प्रथम उगवला, तेव्हा सर्वांस आनंद झाला. परंतु त्या उष्ण व दमट हवेत त्याची शेती काही टिकली नाही. वेदीवरची भाकर गव्हाचीच असली पाहिजे हा आपल्या ख्रिस्तसभेचा जुना दंडक. तेव्हा ओस्तीचे पीठ सेव्हिलहून समुद्रमार्गे येत राहिले, आणि पोटाची भाकर मात्र तायनोंच्या कोनुकोतून. वेदीवर एक भाकर आणि ताटात दुसरी. जिने त्यांना जगविले ती दुसरी होती. आम्ही रोज सकाळी गव्हाची ओस्ती हाती घेतो तेव्हा ही गोष्ट कधी कधी मनात येऊन जाते.

कोलंबसाला सोने हवे होते. १४९५ च्या सुमारास त्याने फर्मान काढले की, सोन्याच्या प्रदेशातील चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांस ससाण्याच्या पायास बांधतात तेवढे घुंगरू भरून सोन्याची धूळ द्यावी. इतरांनी सुमारे पंचवीस पौंड कापूस द्यावा. नद्यांच्या वाळूत तेवढे सोने नव्हतेच. तेव्हा तायनोंनी एक विलक्षण उपाय योजला. त्यांनी शेते लावावयाचे सोडले, लावलेली उपटली आणि ते डोंगरात निघून गेले. परके लोक आमच्या भाकरीवर जगतात, भाकरी नसली की ते निघून जातील, असा त्यांचा हिशेब. शेतकऱ्याचा हा हिशेब सरळ होता, पण तो चुकला. स्पॅनिश लोक उपाशी राहिले, मेलेही. परंतु त्यांची जहाजे येत राहिली. डोंगरात गेलेले मात्र हजारोंनी उपासमारीस बळी पडले.

याच काळात घडलेला एक लहानसा प्रसंग आम्हांस राहून राहून आठवतो. रामोन पाने नावाचे एक साधे व्रतस्थ बंधू कोलंबसासोबत आले होते. ते तायनोंत जाऊन राहिले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांच्या धर्मसमजुती त्यांनी लिहून ठेविल्या. अमेरिकेतील कोणा लोकांच्या भाषेत राहून केलेले युरोपीयाचे हे पहिले लिखाण. मूळ प्रत हरवली. एका इटालियन भाषांतरामुळे मजकूर वाचला. त्यात पाने लिहितात की, ग्वारियोनेक्स या राजाच्या माणसांनी प्रार्थनागृहातील ख्रिस्ती मूर्ती बळाने नेल्या, शेतात पुरल्या, त्यांवर मूत्र सोडले आणि आता तुमची फळे चांगली व मोठी येतील, असे ते म्हणाले. कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे याने ही विटंबना समजून त्या माणसांस जिवंत जाळविले. आता काही अभ्यासक असे दाखवितात की, देवाची मूर्ती शेतात पुरणे ही तर तायनोंची पेरणीची पूजाच होती. आणि शेताला खत देणे म्हणजे अपमान नव्हे, हे कोणाही वाडीवाल्यास समजावे. कदाचित त्या माणसांनी नव्या देवास आपल्या परीने शेतात बोलावले होते. राग होता की श्रद्धा होती, निश्चयाने कोणी सांगू शकणार नाही. पण विचारण्यापूर्वीच सरपण पेटले. स्वतः पाने यांनीही त्यास पाखंडच म्हटले, हेही सांगितले पाहिजे. ते पुढे नोंदवितात की, त्याच जागी नंतर क्रुसाच्या आकाराचे कंद सापडले आणि राजाच्या आईने त्यास चमत्कार म्हटले.

१५०२ मध्ये ओवान्दो हा राज्यपाल सुमारे अडीच हजार माणसांसह आला. त्याच्या ताफ्यात बार्तोलोमे दे लास कासास नावाचा एक तरुण होता; त्याच्याकडे आपण येणारच आहोत. १५०३ मध्ये राणीच्या नावाने आज्ञा झाली आणि 'एन्कोमिएन्दा'ची पद्धत पक्की झाली. एकेका स्पॅनिश माणसाकडे ठरावीक तायनो 'सोपवावयाचे'. त्यांनी त्याच्यासाठी श्रम करावयाचे आणि त्याने त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा. कागदावर यास वेठ म्हणत नव्हते. पुरुषांस वर्षातील सहा ते आठ महिने दूरच्या खाणींत नेत. घरी कोनुकोचे ढीग ओस पडत. खाणीत जी भाकरी मिळे ती पोटभर नसे. आई उपाशी, तर अंगावर दूध नाही, मुले मरत. देवीची साथ १५१८ च्या अखेरीस आली, पण त्याआधीच बेट अर्धे रिकामे झाले होते. १५०८ च्या मोजणीत सुमारे ६०,००० तायनो उरल्याचे सांगतात. १५१४ च्या वाटपात सुमारे २६,०००.

आरंभी किती होते यावर वाद आहे. लास कासास तीस लाख म्हणतात. वर सांगितलेल्या जनुकीय अभ्यासाने हिस्पानिओला व पोर्तो रिको मिळून काही दशसहस्रेच असावीत असा अंदाज मांडला आहे. लास कासासांना आकडे फुगविण्याची सवय होती, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावे. परंतु आकडा लहान केला म्हणून गुन्हा लहान होतो असे मानणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

सप्टेंबर १५१० मध्ये डोमिनिकन संघाचे काही धर्मगुरू सांतो दोमिंगो येथे उतरले. पेद्रो दे कोर्दोबा हे त्यांचे वरिष्ठ. वय अठ्ठावीसच्या आसपास. कोणा सज्जनाने आपल्या परसातील झोपडी त्यांना दिली. त्यांचे जेवण काय होते हे लास कासासांनी लिहून ठेविले आहे: कसाव्याची भाकरी आणि उकडलेली पालेभाजी, पुष्कळदा तेलाविना, नुसती मिरची घालून. वसाहतीतील अन्य स्पॅनिश लोक मांसाहारावर होते. तायनोंची भाकरी, तायनोंच्याच मिरचीशी, तायनोंच्यासारख्या झोपडीत खाणाऱ्या या माणसांस बाहेर काय चालले आहे ते दिसू लागले, यात आम्हांस नवल वाटत नाही. पत्नीचा खून करून रानात लपलेला आणि पुढे पश्चात्तापाने त्यांच्याकडे बंधू म्हणून राहिलेला हुआन गार्सेस नावाचा एक स्पॅनिश मनुष्य होता. त्याने स्वतः पाहिलेली क्रौर्ये त्यांस सांगितली.

आगमनकाळाचा चौथा रविवार, २१ डिसेंबर १५११. प्रवचन करण्याचे काम अंतोनिओ मोन्तेसिनोस यांस दिले होते. मजकूर मात्र सर्वांनी मिळून लिहिला होता व प्रत्येकाने त्याखाली सही केली होती. राज्यपाल दिएगो कोलोन, म्हणजे कोलंबसाचा पुत्र, आणि सारे मातब्बर लोक मुद्दाम आमंत्रण देऊन बोलाविले होते. त्या दिवसांतील शुभवर्तमान बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे, अरण्यातील वाणीचे. मोन्तेसिनोस म्हणाले की, या बेटाच्या अरण्यातील ती वाणी मी आहे. कोणत्या अधिकाराने तुम्ही या लोकांस गुलामीत ठेविता, त्यांच्याशी युद्धे करता, त्यांस पोटभर अन्न न देता राबवून मारता, ही माणसे नाहीत काय, त्यांस आत्मा नाही काय, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले आणि समोरच्या सर्वांना सांगितले की तुम्ही प्राणघातक पापात जगत आहात व त्यातच मराल. मिस्सा आटोपून ते मान ताठ ठेवून आपल्या झोपडीकडे गेले. तेथे जेवणास बहुधा तीच तेल नसलेली भाजी होती.

मातब्बर मंडळी चवताळून मठावर गेली. हे उद्गार मागे घ्यावेत, नाही तर बेट सोडावे, असा तगादा झाला. पेद्रो दे कोर्दोबांनी शांतपणे सांगितले की पुढील रविवारी तेच बंधू पुन्हा प्रवचन करतील. सर्वांस वाटले, माघार होणार. चर्च गच्च भरले. मोन्तेसिनोसांनी तेच पुन्हा, अधिक स्पष्ट शब्दांत मांडले आणि जोडीस सांगितले की, यापुढे जे तायनोंस मुक्त करणार नाहीत त्यांस आम्ही कुमसारात पापक्षमा देणार नाही. राजाकडे तक्रार लिहावयाची तर खुशाल लिहा. तक्रार गेलीच. राजा फेर्दिनांद रागावला, डोमिनिकन संघाच्या स्पेनमधील वरिष्ठांनीही त्यांची कडक कानउघाडणी केली. तथापि चर्चा थांबली नाही, आणि डिसेंबर १५१२ मध्ये बुर्गोस येथे तायनोंच्या कामाचे तास, अन्न व विश्रांती यांविषयी कायदे झाले. ते दुबळे होते आणि पाळलेही गेले नाहीत.

आम्ही सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला हे प्रवचन एका वाक्यात आटोपले होते. पुढे धर्मगुरू झाल्यावर, दर रविवारी समोरच्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहून बोलावे लागते तेव्हा, त्या दुसऱ्या रविवारचे मोल आम्हांस कळू लागले. पहिल्या रविवारी आवेशात कोणीही बोलून जाईल.

त्या लोकांत एक धर्मगुरू असाही होता की ज्याच्याकडे स्वतःचे तायनो होते. तो म्हणजे लास कासास. एका डोमिनिकनाने त्यास याच कारणास्तव पापक्षमा नाकारली होती. त्याने ते मनावर घेतले नाही. पुढे तो क्युबात गेला, तेथे पेद्रो दे रेन्तेरिया या मित्रासोबत शेती व खाणी यांचा कारभार करू लागला; तायनोंशी तो तसा सौम्यपणे वागे, आणि म्हणूनच आपण निर्दोष आहोत असे त्यास वाटे. १५१४ मध्ये पवित्र आत्म्याच्या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना त्याने बेन सीराच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय उघडला. अन्यायाने मिळविलेल्या वस्तूचे अर्पण देवास मान्य नाही, आणि गरिबाची भाकरी म्हणजेच त्याचा प्राण असल्याने ती हिरावणारा रक्तपात करतो, असा त्या ओळींचा आशय. पवित्र शास्त्र त्याने यापूर्वी अनेकदा वाचले असेल. त्या दिवशी वाचताना आपल्या ताटातील भाकरी कोठून येते हे त्यास दिसले. काही दिवस विचार करून त्याने आपले तायनो परत केले आणि १५ ऑगस्ट रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाला, भर प्रवचनात ते जाहीर केले. रेन्तेरिया त्या वेळी जमैकात बियाणे व डुकरे आणावयास गेला होता. परत आल्यावर कळले की त्याच्याही मनात स्वतंत्रपणे असाच काही विचार आला होता.

लास कासासांचे पुढील अर्धे शतक सर्वश्रुत आहे: राजदरबारच्या खेपा, १५४२ चे नवे कायदे, चियापासचे बिशपपद, वायादोलिदचा वाद, १५६६ मध्ये माद्रिद येथे मृत्यू. मात्र या थोर पुरुषाच्या हातून एक घोर चूक झाली. तायनोंचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, अशी सूचना त्यांनीही राजास केली. आफ्रिकनांची आयात त्यांच्या सूचनेपूर्वीच सुरू झाली होती, हे खरे. पण त्यांनी स्वतः ती सबब सांगितली नाही. म्हातारपणी त्यांनी लिहिले की दोन्ही गुलामगिऱ्या सारख्याच अन्यायाच्या होत्या आणि आपण अज्ञानाने जे केले त्याबद्दल देवाच्या न्यायासनापुढे क्षमा मिळेल की नाही, याची आपणास खात्री नाही. ज्या ग्रंथात ही कबुली आहे तो छापून निघाला १८७५ मध्ये.

दरम्यान भाकरी आपल्या वाटेने चालली होती. १५१९ मध्ये कोर्तेस क्युबातून मेक्सिको जिंकावयास निघाला तेव्हा त्याच्या जहाजांवर शिधा होता तो कासाबे आणि खारवलेले डुकराचे मांस. ज्यांनी ही टिकाऊ भाकरी शोधली, त्यांच्याच भाकरीवर खंडाचा पाडाव झाला. पोर्तुगीजांनी कसावा ब्राझीलहून आफ्रिकेत नेला. आज तेथील कोट्यवधी लोकांचे ते मुख्य अन्न आहे. त्यांच्याच जहाजांनी तो केरळातही उतरविला, आणि १८८० च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिल्यामुळे गरिबांच्या घरी तो रुजला.

तीच पोर्तुगीज जहाजे. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आली आणि १७३९ पर्यंत राहिली. आमच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांस श्रद्धा मिळाली ती त्या जहाजांतून आलेल्या धर्मगुरूंकडून. पोप पाचवे निकोलस यांच्या १४५५ च्या आज्ञापत्राने पोर्तुगालच्या राजास, आणि पोप सहावे अलेक्झांडर यांच्या १४९३ च्या आज्ञापत्राने स्पेनच्या राजाराणीस, 'शोधलेल्या' भूमीवर हक्क मिळाल्याचे मानले गेले. लोकांची शेते ज्या भूमीवर पिकत होती तिला 'शोधलेली' म्हणावयाचे, ही त्या शब्दाची करामत. पोप तिसरे पॉल यांनी २ जून १५३७ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले की हे लोक पूर्ण मानव आहेत आणि ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही. मात्र ते मोडणाऱ्यांस शिक्षा करण्याची तरतूद स्पेनच्या राजाच्या दबावामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली. अखेर ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून, तो तथाकथित 'शोधाचा सिद्धांत' ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही व ख्रिस्तसभा तो नाकारते, असे स्पष्ट केले. फार उशीर झाला असे म्हणणाऱ्यांस आम्ही उत्तर देऊ शकत नाही. आपण लाभलेली श्रद्धा टाकून द्यावी काय, असे एका युवकाने आम्हांस याच विषयावर बोलताना विचारले होते. आम्ही त्यास म्हणालो की, मोन्तेसिनोसही त्याच जहाजातून उतरले होते. तो म्हणाला, "फादर, पण बाकीचेही." तेही खरेच आहे.

तायनो सर्वस्वी नाहीसे झाले असे पाठ्यपुस्तके लिहीत आली. पोर्तो रिको, क्युबा व डोमिनिकन प्रजासत्ताक येथील आजच्या लोकांत त्यांचे रक्त अद्याप वाहते, हे जनुकशास्त्राने दाखवून दिले आहे. कासाबे तर गेलीच नाही. डोमिनिकन खेड्यांत ती आजही तव्यावर भाजली जाते. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. अर्ज क्युबा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास व व्हेनेझुएला या पाच देशांनी मिळून केला होता. सांतो दोमिंगोच्या समुद्रकाठी मोन्तेसिनोसांचा प्रचंड पुतळा आहे, तोंडाशी हात नेऊन हाक मारणारा.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाचे एक डोमिनिकन बंधू कॅनरी बेटांवरून केळीची रोपे घेऊन याच सांतो दोमिंगोस आले. केळीची लागवड न्यू गिनीतील डोंगराळ भागात सुमारे सात हजार वर्षांपूर्वी झाली असल्याचे पुरावे आहेत; तेथून आशिया, आपला देश, आफ्रिका असे करीत ती अटलांटिकपर्यंत गेली होती. अमेरिकेत ती प्रथम नेण्याचा मान या बंधूंस देतात. हेच पुढे पनामाचे बिशप झाले, आणि १५३५ मध्ये पेरूकडे जाताना वारा पडल्यामुळे त्यांचे जहाज भरकटून गालापागोस बेटांस लागले.

एकादशीचा तो डबा रिकामा परत पाठवू नये, हा आपल्याकडचा शिष्टाचार. आमच्या स्वयंपाकीण बाई तो घासून त्यात वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी भरून देतात, आणि आजींचा नातू संध्याकाळी येऊन तो घेऊन जातो.